दुखलं तर डावा हात

तिळाची चिक्की खाताना भक्तीच्या दातातून एक तुकडा निघाला. कंपनीच्या लॅबमध्ये दुपारचा चहा चालू होता आणि चिक्की कुणाच्या तरी घरून आली होती. दुसरी कुणी असती तर तुकडा बेसिनमध्ये थुंकून मोकळी झाली असती. भक्तीने तो धुतला, टिश्यूवर ठेवला, दिव्याखाली उलटासुलटा करून पाहिला आणि नमुने ठेवायच्या छोट्या पिशवीत घालून पर्समध्ये टाकला. काळपट, कडेला झिजलेला, धातूचा. लहानपणी अमळनेरला दातात भरलेली चांदी होती ती.

तिचा स्वभावच तसा. मसाटच्या औद्योगिक वसाहतीत धागा बनवणाऱ्या एका कंपनीची क्वालिटी लॅब तिच्या हाताखाली होती. मशीनवरून उतरलेल्या धाग्याचे नमुने यायचे, त्याचा हातभर लांब मोजा विणायचा, तो रंगवायचा आणि उजेडात धरून कुठे पट्टा उमटलाय का ते पाहायचं. पट्टा दिसला की माल सदोष. पण एका मोज्यावर भक्ती कधी निकाल द्यायची नाही. "एक नमुना म्हणजे योगायोग," असं ती नव्या पोरींना सांगायची. "परत विणा, परत रंगवा. पुन्हा दिसला तर माझ्याकडे या." या सवयीमुळे कंपनीत तिचा दबदबा होता आणि घरात तिची यथेच्छ चेष्टा व्हायची. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर ही आधी दुसरा घास घ्यायला लावते, असं तिचा नवरा समाधान आल्यागेल्याला सांगायचा. तो खडोलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. दोघंही खानदेशातली, सिल्वासाला येऊन बरीच वर्षं झालेली. रसिका, त्यांची मुलगी, सहावीत होती.

डॉक्टर कल्पेश टंडेल यांचा दवाखाना किलवणी नाक्याच्या पुढे, फरसाणाच्या दुकानावर होता. जिना चढताना गाठियांच्या तेलाचा वास यायचा आणि वरच्या पायरीवर त्याची जागा लवंगेचा वास घ्यायचा. खुर्चीची खोली आणि बाहेरची बसायची जागा यांच्यामध्ये काचेचा दरवाजा होता. डॉक्टर दमणकडचे, नाशिकला शिकलेले. मराठी बोलायचे, पण आपल्या पद्धतीने.

"भक्तीबेन, ही चांदी लय जुनी," एक्स-रे उजेडात धरून ते म्हणाले. "कडेने फट पडली, आत कीड चालू. एकच काढून चालणार नाय. अशा सहा आहेत, सहाच्या सहा काढू, पांढरं भरू."

"दुखेल का?"

"इंजेक्शन देतो ना. तरी पण दुखलं तर डावा हात वर. बोलायचं नाय, फक्त हात."

खरं तर तिने विचारायचं म्हणून विचारलं होतं. दुखण्याची भीती भक्तीला कधी नव्हतीच. अमळनेरला ही चांदी भरली तेव्हा इंजेक्शन वगैरे काही नव्हतं, तरी आठ-नऊ वर्षांची भक्ती हूं की चूं न करता बसून राहिली होती आणि डॉक्टरांनी तिला पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या होत्या. रसिकाच्या बाळंतपणात नाशिकच्या नर्सने बाजूच्या खाटेवर ओरडणाऱ्या बाईला सांगितलं होतं, त्या ताईकडे बघा जरा. भक्तीला या गोष्टीचा अभिमान होता, आणि वेळ आली की ती तो थोडासा मिरवायचीही.

पहिला दात शाळा सुटल्यावर, एका संध्याकाळी झाला. रसिका बरोबर होती. ती बाहेर बाकावर चित्रांची वही घेऊन बसली. इंजेक्शन दिल्यावर भक्तीचा ओठ जाड झाला, मग गाल जड झाला, मग गाल आपला नाहीसाच वाटू लागला. ड्रिल सुरू झाल्यावर डोक्याच्या हाडात गुणगुण शिरली. तोंडात पाणी साचत होतं आणि रोशनी नावाची नर्स नळीने ते ओढून घेत होती. चांदीचा राखाडी चुरा भक्तीला जिभेवर फक्त खरखरीत जाणवला. वर पांढरा दिवा होता. तिला काहीच होत नव्हतं. कंपनीत संध्याकाळच्या पाळीला कोण आहे, याचा ती विचार करत पडली होती.

गुळणी करून ती उठली तेव्हा रोशनी हसत होती. "ताई, तुमची बेबी लई नकला करते हं. काचेतून बघितलं मी. इकडे मशीन चालू, तिकडे ती हात वर करून बसलेली. डावाच."

डॉक्टरांचा आवाज मोठा, त्यांचं ते डाव्या हाताचं सांगणं दरवाजाबाहेर सहज ऐकू गेलं असणार, असं भक्तीला वाटलं. जिना उतरताना तिने जड जिभेने विचारलं, "काय गं, हात कशाला वर केला होतास?"

"मी नाही केला," रसिका म्हणाली. "तो झाला."

ती एका हाताने जबडा चोळत होती. भक्तीने ते हसण्यावारी नेलं. घरी चहा पिताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून धार लागली आणि समाधानने तिला रसिकाचं जुनं लाळेरं आणून दिलं. तिघंही हसली. भक्तीचं हसू अर्ध्याच तोंडावर उमटलं.

दुसऱ्या दाताला तिने सकाळची वेळ घेतली, म्हणजे दुपारी कंपनीत जाता येईल. रसिका शाळेत होती. दात व्यवस्थित भरला गेला. निळा कागद दाताखाली ठेवून डॉक्टर म्हणाले, चावा, घासा, आता बरोबर. ती खाली येऊन स्कूटीला चावी लावते न लावते तोच फोन वाजला. रसिकाच्या वर्गशिक्षिका, प्राजक्ता मॅडम.

"रसिकाची मम्मी ना? घाबरू नका, ती ठीक आहे. गणिताच्या तासाला ती सारखा डावा हात वर करत होती. मी विचारलं, काय शंका आहे, तर काही नाही म्हणाली. परत हात वर. मुलं हसायला लागली. मग एकदम गाल धरून रडायलाच लागली. दात दुखतोय का विचारलं तर म्हणते, माझा नाही." मॅडमनी आवाज उतरवला. "घरी काही टेन्शन आहे का हो?"

"कधी झालं हे?"

"आत्ताच, मधल्या सुट्टीच्या जरा आधी."

भक्तीला आभार मानायचे होते. पण बधिर ओठांतून जे बाहेर पडलं ते तिचं तिलाच कळलं नाही, आणि मॅडमनी बहुतेक ते रडणं समजून फोन ठेवला.

घरी तिने रसिकाला खिडकीशी उभं केलं, तोंड उघडायला लावलं आणि मोबाईलच्या टॉर्चने एकेक दात तपासला. पांढरेशुभ्र, एकालाही डाग नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही पाहिलं आणि पाठीवर थाप मारून एकदम फर्स्ट क्लास म्हणून सांगितलं. वाढतं वय आहे, दाढा येतात, जबडा ठणकतो. रसिका मान हलवत होती. तिला कोणता दात दुखला ते तिने बोटाने दाखवलं होतं. खालचा, डाव्या बाजूचा, शेवटून दुसरा. भक्तीचा जो नुकताच भरला होता, तोच.

हे भक्तीने समाधानला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय? पहिल्यांदा पोरीने नक्कल केली आणि दुसऱ्यांदा योगायोग झाला, असं तिने स्वतःला समजावलं. पण काम करताना मध्येच तिचा हात थांबायचा आणि मोजा नुसता उजेडात धरलेला राहायचा. पट्टा आहे की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. असं कधी झालं नव्हतं. मग तिने तेच करायचं ठरवलं जे ती आयुष्यभर करत आली होती. पुन्हा एकदा पाहायचं.

रविवारी सकाळी दवाखाना उघडा असायचा. निघताना तिने समाधानला बाजूला घेतलं. "रसिका टीव्ही बघेल. तू तिच्यासमोर बस. तिने डावा हात वर केला की मला मिस्ड कॉल दे. तिला काही सांगू नको."

"आता हे काय नवीन? काय करी राहिली तू?"

"दे ना. एवढंच कर."

तो हसला. बायकोच्या तऱ्हा त्याला माहीत होत्या. "हात खाली केल्यावर पण देऊ का?"

"नको. फक्त वर केल्यावर."

खुर्चीत तिने फोन डाव्या मुठीत धरून ठेवला. आवाज बंद, फक्त थरथर चालू. इंजेक्शन झालं. गाल गेला, जीभ अर्धी गेली. डॉक्टर म्हणाले, हा दात जास्त खराब आहे, वेळ लागेल. ड्रिल सुरू झालं.

मुठीत फोन थरथरला.

भक्ती हलली नाही. डॉक्टरांनी पाणी मारायला ड्रिल थांबवलं. फोन गप्प झाला. पुन्हा ड्रिल सुरू झालं आणि पुन्हा फोन थरथरला.

तिथेच थांबायला हवं होतं. कोणतीही आई थांबली असती. पण तिच्या डोक्यात कुणीतरी शांतपणे म्हणत होतं, दोन्ही वेळा जुळलं असेल, आणखी एकदा बघू. तिला घाबरायला होत होतं, पण तेही गालासारखंच लांब कुठेतरी, जाड कापडापलीकडे. तिने डोळे मिटले आणि तोंड आणखी थोडं उघडलं. ड्रिल खोल गेलं.

या वेळी फोन थांबेचना. तो वाजतच राहिला, मुठीतून कोपरापर्यंत. तिने डॉक्टरांचा हात बाजूला सारला, उठून बसली आणि फोन कानाला लावला. आधी तिला वाटलं, टीव्हीचा आवाज आहे. मग कळलं की रसिका ओरडते आहे. तिचा असा आवाज भक्तीने आयुष्यात ऐकला नव्हता.

"हात खाली येईना तिचा!" समाधान ओरडत होता. "मी ओढी राहिलो, येईना! काय चाललंय तुझं तिकडे?"

"बेन, बसा!" डॉक्टर म्हणाले. "दात उघडा आहे. नसेच्या जवळ आलो मी."

"बंद करा."

"असा कसा बंद करू?"

"कसाही करा. आत्ता बंद करा."

त्यांनी कापूस घालून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. लावताना ते तिला बजावत होते. हे फार दिवस ठेवायचं नाही, आत कीड उरली आहे, पू होईल, सूज येईल, मग रात्रंदिवस ठणकेल. लवकर येऊन रूट कॅनॉल करून घ्या. भक्ती मान हलवत होती. ठणकेल म्हणाले तेव्हा तिने मान हलवणं थांबवलं.

घरी रसिका समाधानच्या मांडीवर पडली होती. हात आता खाली होता, पण खांद्यापासून ताठ. समाधानने दारातच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

"मग मला समोर कशाला बसवलं?"

भक्ती रसिकाचा ताठ खांदा चोळू लागली. त्याने मिस्ड कॉल दिले होते, सांगितल्याप्रमाणे, आणि आता तो स्वतःच्याच हाताकडे बघत बसला. त्या दिवसापासून घरात चेष्टामस्करी बंद झाली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. भक्तीची हिरडी सुजली, गाल लाल झाला, पण तिला बोटाने दाबलं तरी काही कळायचं नाही. ठणका रसिकाला होता. तिला गार पाणी चालेना, घास चावता येईना. ती पेज पिऊन शाळेत जायची आणि मधल्या सुट्टीत मॅडम तिला घरी पाठवायच्या. औषधाच्या गोळ्यांनी उतार पडत नव्हता. समाधानने पोरीला आपल्या मामाकडे नाशिकला नेऊन पाहिलं. अंतराने काही फरक पडला नाही. तिथल्या डॉक्टरांनीही दात उत्तम आहेत म्हणून सांगितलं.

दात तसाच ठेवला तर पोर झिजणार. दुरुस्त करायला गेलं तर तिच्यावर पुन्हा तेच. भक्ती रोज आरशासमोर उभी राहून तोंडात पाहायची. सुईने तिने हिरडी टोचून पाहिली. रक्त आलं. बाहेरच्या खोलीतून रसिका कण्हली. भक्तीने सुई खिडकीबाहेर फेकून दिली.

शेवटी तिने अमळनेरला सरुबाई मावशीला फोन लावला. आईची धाकटी बहीण. आई गेल्या होळीच्या सुमारास गेली होती. जावयाच्या खांद्यावर गेली, सगळं रीतसर झालं, आणि भक्ती रडली नव्हती. कशी खंबीर आहे बघा, असं लोक म्हणाले होते.

"मावशी, मी लहान होते तेव्हा दातात चांदी भरली होती. आठवतं तुला?"

पलीकडे मावशीने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"तुले कोन सांगं?" मावशी म्हणाली.

"कुणी नाही. काय सांगायचं होतं?"

"तू तिकडे खुर्चीवर बसेल व्हती. तुनी माय आठे ओट्यावर. तोंडमा पदर कोंबीसन बसेल व्हती बिचारी. मी देखेल शे." मग मावशी एकेक प्रसंग सावकाश सांगत गेली, प्रत्येक वेळी दुखणं आईला झालेलं. भक्ती सायकलवरून पडून हात मोडला तेव्हा. भक्तीला कांजिण्या आल्या तेव्हा. रसिकाच्या वेळी तर आई इथे अमळनेरला दोन दिवस जमिनीवरून उठली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ करून बाळंतविडा घेऊन नाशिकच्या गाडीत बसली होती.

"मला सांगितलं का नाही कुणी?"

"ती सांगू देये नही. म्हने, पोरले निर्धास्त राहू द्या." आणि मग अगदी हळू, "ती गयी तवय मले तेच वाटनं बेटा. आते कोन."

भक्तीने फोन ठेवला. तिला रडायचं होतं. आईसाठी, त्या ओट्यासाठी, त्या पदरासाठी. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि रडू येण्याची वाट पाहू लागली. आलं नाही. तेही दुसऱ्याच कुणाकडे जात होतं की काय, या विचाराने तिने झटकन बाहेर जाऊन पाहिलं. रसिका भिंतीकडे तोंड करून झोपली होती. उशी ओली होती.

त्या क्षणी भक्तीला आयुष्यात पहिल्यांदा दुखणं हवंसं वाटलं. मनापासून हवं वाटलं. माझं आहे, मला दे, असं ती मनात म्हणत राहिली, कुणाला ते तिला माहीत नव्हतं.

तिच्या मनाने घेतलं की ते इंजेक्शनच दुखणं दूर ढकलतं. अमळनेरला इंजेक्शन नव्हतं, हे तिला मावशीने सांगायची गरज नव्हती, तरी तिने तेच धरून ठेवलं. तिच्याकडे धरायला दुसरं काही नव्हतं.

पुढच्या दुपारी ती रसिकाला घेऊन दवाखान्यात गेली. समाधान यायला तयार झाला नाही. त्याच्याने बघवणार नव्हतं.

"इंजेक्शन नको," ती म्हणाली. "आणि ही माझ्याजवळ बसेल."

"बेन, गंमत आहे का? नस काढायची आहे."

"आधी तपासून बघा. कदाचित नस मेलेली असेल."

डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारला आणि तो दाताला टेकवला. थंड लागलं की हात वर करा, म्हणाले. भक्तीने वाट पाहिली. काही नाही. तिने रसिकाकडे पाहिलं. स्टुलावर बसलेल्या रसिकाने क्षणभर डोळे मिटले आणि उघडले.

"मेलेली दिसते," डॉक्टर म्हणाले. "मग बिना इंजेक्शन चालेल. पण जरा जरी दुखलं तरी हात."

भक्तीने आपल्या डाव्या हातात रसिकाचा डावा हात घेतला आणि घट्ट आवळला. वर जाऊ द्यायचाच नाही, असं तिने ठरवलं होतं.

ड्रिल सुरू झालं.

भक्ती डोळे उघडे ठेवून वाट पाहत होती. ये, ती मनात म्हणाली. ये एकदाचं. हाडात गुणगुण शिरली. पाणी साचलं. रोशनीने नळी फिरवली.

काही नाही.

डॉक्टर एकदम थांबले. त्यांच्या हातातल्या बारीक सुईच्या टोकाला लाल लागलं होतं.

"नस जिवंत आहे," ते म्हणाले. "बेन, तुम्हाला खरंच काही होत नाय?"

तिने मान हलवली. नाही.

तिच्या मुठीतला हात ओढ घेत नव्हता. तो कोमट होता, सैल होता. तिने वळून पाहिलं. रसिका भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत पाय हलवत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ना कळ, ना भीती.

"करा," भक्ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुई पुन्हा आत घातली. भक्तीचं लक्ष दाताकडे नव्हतंच. ती मुलीकडे बघत होती. रसिकाने एक जांभई दिली.

बाहेर पडल्यावर ऊन लख्ख होतं. नाक्यावर बर्फाच्या गोळ्याची गाडी लागली होती. रसिकाने गोळा मागितला, काळा खट्टा. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच काहीतरी खायला मागितलं होतं. भक्तीने समाधानला फोन करून एवढंच सांगितलं की झालं, काही झालं नाही, पोर हसते आहे. पलीकडे तो मोठा माणूस हुंदके देऊन रडू लागला. भक्ती स्कूटीला टेकली.

रसिका बर्फ चोखत नव्हती, चावत होती. डाव्या बाजूने, कराकरा.

"दुखलं नाही ना गं?" भक्तीने विचारलं.

"आलं होतं," रसिका म्हणाली. "मग मी पुढे दिलं."

"पुढे म्हणजे?"

"पुढे. पास-द-पार्सल खेळतो ना, तसं. आधी मला जमत नव्हतं." तिने गोळ्यावरचं सरबत ओढून घेतलं. "तुझे अजून किती दात राहिले?"

"तीन."

"मग सगळे एकदमच करून टाक ना, आई. मी ज्याला देते तो अजून बोलत नाही. त्याला हात वर करायचा असतो ते पण माहीत नाही. नुसता रडतो. भूक लागली असेल असं वाटतं सगळ्यांना."

ती हे शहाण्या मुलीसारखं सांगत होती. आईची सोय व्हावी म्हणून.

भक्तीला एकच शब्द विचारायचा होता, कोण. तो तिच्या ओठांपर्यंत आला. समोर रसिकाच्या हनुवटीवरून काळं सरबत ओघळत होतं, गालांवर रंग आला होता, आणि ती पुन्हा एकदा बर्फात दात रुतवत होती.

भक्तीने रुमाल काढून तिची हनुवटी पुसली. मग फोन काढला आणि वर दवाखान्यात लावला.

"डॉक्टर, उरलेले तिन्ही एकाच दिवशी होतील का?"